वऱ्हाडातला र आणि देवळीची सीडी

लेखमाला : आपलं पुस्तक, आपलं दुकान (लेखांक सातवा)

किंडलच्या सत्तर टक्के आणि पस्तीस टक्के मानधनाचा हिशेब आज मांडायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मधेच वर्धा जिल्ह्यातल्या देवळीहून एक पाकीट आलं आणि त्यानं माझा सगळा आठवडा खाल्ला.

पाकिटात एक सीडी, एक छापील पुस्तक आणि चार ओळींची चिठ्ठी. वडिलांच्या आठवणींचं पुस्तक २००४ साली वर्ध्याच्या एका छापखान्यात छापून घेतलेलं. पाचशे प्रती काढल्या, नातलगांत, शाळांत वाटल्या, संपल्या. आता मुलगा विचारतो, ‘सर, बाबाचं पुस्तक किंडलवर टाकू, बुकगंगावर टाकू का प्रतिलिपीवर, एकदाचं सांगून द्या.’

सांगून देतो. पण आधी ती सीडी उघडू. दुकान कोणतं हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. २०२३च्या फेब्रुवारीत वर्ध्याला ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हाही ग्रंथदालनात मला हाच प्रश्न ऐकू येत होता. ‘तुमची फाइल कशात आहे?’ असं उलट विचारलं की समोरचा गोंधळायचा आणि म्हणायचा, ‘पीडीएफ आहे ना!’ जणू एवढ्यानं सगळं भागलं.

देवळीच्या सीडीत पेजमेकरची फाइल निघाली. आता हे पेजमेकर अडॉबीनं २००१ नंतर पुढे नेलंच नाही. त्याच्या जागी आलेलं इनडिझाइनसुद्धा सीएस ६ या आवृत्तीपर्यंतच पेजमेकरच्या फाइली उघडत असे, नंतरच्या आवृत्त्यांनी तोही दरवाजा लावून घेतला. म्हणजे असा जुना संगणक सांभाळून ठेवलेला एखादा डीटीपीवाला शोधणं आलं. वर्ध्यात आणि नागपुरात असे लोक अजून आहेत, त्यांच्याशी ओळख ठेवा.

फाइल उघडली तरी खरी अडचण पुढेच. त्या काळचे फॉन्ट, म्हणजे श्रीलिपी, आकृती, कृतीदेव वगैरे, आजच्या अर्थानं मराठी साठवतच नाहीत. ते रोमन अक्षरं साठवतात आणि त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतात. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ असं टाइप केलं, तर यंत्राच्या पोटात ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढीच पाच रोमन अक्षरं जातात. फॉन्ट बदला, मराठी गायब. त्या फाइलीची पीडीएफ केली तर डोळ्यांना पान सुरेख दिसतं, पण आतला मजकूर तोच ई-जे-के. शोधायला गेलं तर शब्द सापडत नाही. अंध वाचकाच्या फोननं ते पान वाचायला घेतलं तर तो ‘ई जे के’ असलंच काहीतरी बडबडतो.

आता दुकानांकडे या फाइलीच्या बाजूनं बघा, म्हणजे निवड आपोआप कशी होते ते कळेल. किंडलनं डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषांना दार उघडलं. पण मराठीसाठी तिथे वर्डची फाइल किंवा ईपब लागते, आणि तीही युनिकोडमधली, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी. पीडीएफ घेऊन गेलात तर दारातूनच परत. प्रतिलिपीवर पुस्तक असं चढवायचंच नसतं. तिथे भागाभागानं मजकूर टाकायचा, म्हणजे पुन्हा युनिकोडच. गूगल प्ले बुक्स पीडीएफ घेतं, ईपबही घेतं. पण पीडीएफ असली तर वाचणाऱ्यानं फोनवर दोन बोटांनी पान ताणत बसायचं. ई साहित्य प्रतिष्ठान कितीतरी वर्षं मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट घरोघर पोचवतं आहे. पैसे मिळवायचे नसतील आणि वाचक हवे असतील तर त्याच्याइतका सरळ रस्ता नाही. बुकगंगाची ई-पुस्तकं त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात. तिथे नुसती फाइल चढवून भागत नाही, माणसांशी बोलावं लागतं आणि मला तो गुणच वाटतो. थोडक्यात, देवळीकरांनी सीडी आहे तशी वापरायची ठरवली तर विकण्याचे बरेच रस्ते बंद आणि वाटण्याचे उघडे.

एक गोष्ट जाता जाता. न्यूजहंटवर (पुढे त्याचं डेलीहंट झालं) एके काळी मराठी ई-पुस्तकांचं दालन होतं. ते बंद झालं. दुकानं उघडतात, मिटतात. ज्याच्याकडे स्वतःची धड फाइल असते त्याला दुकान बदलता येतं. म्हणून फाइलीवर एवढा वेळ घालवतोय.

तर ही सीडी युनिकोडमध्ये कशी आणायची? रूपांतर करणारी यंत्रं फुकट मिळतात, एका क्षणात शंभर पानं ओततात. आणि मग तुम्ही वाचायला बसता. पहिली फजिती पहिल्या वेलांटीची. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशीच, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवायची असते. यंत्राला ती उचलून पुढे न्यावी लागते आणि जोडाक्षर आलं की ते अडखळतं. ‘स्थिती’चं डोकं आणि धड वेगळं होतं, ‘शक्तिमान’चा ‘शिक्तमान’ होतो. हे निदान दिसतं तरी. न दिसणारी चूक पुढे आहे, आणि ती विदर्भातल्या माणसाला सगळ्यात जास्त भोवते.

मराठीत र दोन तऱ्हांनी जोडला जातो. ‘दर्या’मधला डोक्यावर चढतो, ‘दऱ्या’मधला आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज पडत नाही. रूपांतराची बरीच यंत्रं हिंदी समोर ठेवून बनलेली. त्यांना हा आडवा र माहीत नाही, ती सरसकट रफार देऊन मोकळी होतात. देवळीच्या पुस्तकात एका लग्नाच्या पंगतीचं वर्णन आहे. त्यात आचाऱ्यांनी रात्रभर जागून बुंदी पाडली, असं छापलंय. यंत्रातून बाहेर आलं : ‘आचार्यांनी रात्रभर जागून बुंदी पाडली.’ वर्धा जिल्ह्यात आचार्य म्हटलं की कोण डोळ्यांसमोर येतं ते सांगायला नको. पवनारच्या अल्पाहारी विनोबांवर बुंदी पाडायची वेळ आली! शुद्धलेखन तपासणारं यंत्र ही चूक पकडणारच नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

आणि आपल्याकडे हा आडवा र पावलोपावली. वऱ्हाड, वऱ्हाडी, पऱ्हाटी, तऱ्हा, नवऱ्या मुलाची आई, विहिरीच्या पायऱ्या, जनावरांच्या चाऱ्याचा भारा. (वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड, अलीकडे नाही, हे वर्धेकर मला लगेच बजावतील. मान्य. पण पऱ्हाटी दोन्ही काठांवर उभी असते.) कापसावरचं एक प्रकरण तपासलं तर पानापानावर ‘पर्हाटी’. पुण्याच्या मुद्रितशोधकाला कदाचित तो विदर्भातला काही वेगळा शब्दच वाटेल.

गंमत इथे संपत नाही. हा आडवा र युनिकोडमध्ये लिहायच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही अधिकृत. एकीत साधा र, हलन्त आणि मग शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह. दुसरीत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही ‘वऱ्हाड’ हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द. तुमच्या पुस्तकाच्या नावात एका रीतीचा र, वाचकाच्या फोनच्या कळफलकात दुसऱ्या रीतीचा. वाचक शोधतो आणि दुकान सांगतं, असं पुस्तक नाही. काही शोधयंत्रं सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. आपण त्यांच्या भरवशावर राहू नये.

माझं मत स्पष्ट आहे : टिंबाचा ऱ वापरा. अदृश्य चिन्ह हे नावाप्रमाणेच अदृश्य असतं. मजकूर इकडून उचलून तिकडे चिकटवताना किंवा एखाद्या अर्जाच्या चौकटीतून जाताना ते गळून पडतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. वर्डमध्ये शोधा-बदला वापरून सगळ्या पुस्तकात एकच रीत करून घ्या. किंडलवर पुस्तक चढवताना शोधशब्दांच्या सात चौकटी मिळतात; त्यातल्या एकीत दुसऱ्या रीतीचा ‘वऱ्हाड’ आणि एकीत रफाराचा ‘वर्हाड’ बिनदिक्कत टाकून ठेवा. लोक तसंही शोधतात. आणि भाषा विचारली की ‘मराठी’च निवडा, लिपी एकच म्हणून हिंदीवर बोट ठेवू नका. चांगल्या फॉन्टमध्ये मराठीचा पाकळीचा ल त्या एका खुणेवर उमटतो. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ला वर्णमालेचा निर्णय काढून तो ल ठरवून दिला, पण फोनला शासननिर्णय वाचता येत नाही.

इतकं सगळं सांगूनही देवळीकरांना मी ती सीडी बाजूलाच ठेवायला सांगितलं आहे.

कारण पाकिटातलं छापील पुस्तक. त्या काळी पानं ट्रेसिंगवर निघत आणि शेवटच्या क्षणी सापडलेली चूक कात्रीनं कापून, दुरुस्त ओळ चिकटवून निस्तरली जाई. ती दुरुस्ती फाइलीत परत जातच नसे. मी सीडीतलं एक प्रकरण छापील पुस्तकाशी ताडून पाहिलं. आजोबांच्या गावाचं नाव सीडीत एक, पुस्तकात दुसरं. पुस्तकातलं बरोबर. खरी संहिता कागदावर आहे. मग पुस्तकच स्कॅन करावं, स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडावं. मराठी अक्षरओळख आता इतकी सुधारली आहे की स्वच्छ छपाई असेल तर थेट युनिकोड हाती येतो. वाचून तपासावं लागतंच, पण वेलांट्या जागच्या जागी असतात. आडवा र मात्र इथेही डोळ्यांत तेल घालून बघायचा.

वर्डची तपासलेली फाइल हातात आली की सगळी दुकानं उघडी. त्या फाइलीत प्रकरणांच्या नावांना मथळ्याची शैली द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. वर्ध्याच्याच हिंदी विद्यापीठानं ‘हिंदीसमय’ या संकेतस्थळावर हिंदी साहित्य ठेवलं ते पानांची छायाचित्रं म्हणून नव्हे, मजकूर म्हणून. त्यामुळे त्यातला शब्द शोधता येतो. मराठी आठवणींच्या पुस्तकांनाही ते का मिळू नये?

देवळीकरांसाठी माझा सल्ला : किंडल आणि ई साहित्य, या क्रमानं, पण एकाच वेळी नाही. किंडलच्या सिलेक्ट योजनेत नाव घातलं की ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही, फुकटसुद्धा, ठेवता येत नाही. ते दिवस जाऊ द्या, नूतनीकरणाची खूण काढा, मग फुकट वाटा. प्रतिलिपी नको, ती रोज पुढचा भाग वाचणाऱ्यांची जागा आहे, आठवणींच्या पुस्तकाला तिथे उगाच भागांची ठिगळं पडतील. पुस्तकात बरीच छायाचित्रं आहेत, ती लहान करून घ्या. सत्तर टक्के मानधनाच्या वाटेनं गेलं तर अ‍ॅमेझॉन डॉट इनवर दर एमबीला सात रुपये पोचवणावळ कापली जाते. फाइल १० एमबीची झाली तर सत्तर रुपये तिथेच गेले. ९९ रुपयांच्या पुस्तकात उरलं काय? छापील आवृत्ती असल्याचा एक फायदाही आहे. जुलै २०१८ मध्ये जीएसटी परिषदेनं छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. केवळ डिजिटल पुस्तकाला तेव्हा ही सवलत दिली नव्हती. तर्क मला तरी लागलेला नाही.

वर्ध्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा प्रश्न याला लागूनच आहे, म्हणून तोही घेतो. त्यांच्याकडे राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या जुन्या हिंदी पुस्तिका आहेत. समिती १९३६ची, वर्ध्याचीच. त्या पुस्तिकांत इ, ई, उ, ए नाहीतच. त्याऐवजी अि, अी, अु, अे छापलंय. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९३५ला इंदूरला हिंदी साहित्य संमेलन झालं, तिथे लिपिसुधारणेचा विषय निघाला, त्यासाठीच्या समितीचं काम काका कालेलकरांकडे गेलं, आणि वर्ध्यानं ही अ ची बाराखडी छापून दाखवली. मराठीत सावरकरांचा आग्रहही याच बाराखडीचा होता, ‘किर्लोस्कर’ मासिकानंही ती चालवून पाहिली. टंकाचे खिळे कमी लागावेत हा हेतू. बाई विचारतात, ई-पुस्तक करताना हे तसंच ठेवू की आजच्यासारखं करू?

दोन्ही करा. वाहत्या मजकुरात आजची अक्षरं घाला, कारण यंत्राला ‘अितिहास’ आणि ‘इतिहास’ यांचं काहीही नातं ठाऊक नाही, आणि अक्षरओळखही तिथे ठेचकाळते. पण मूळ पानांची स्कॅन केलेली पीडीएफ जशीच्या तशी जपा. ती बाराखडी पुसून टाकली तर पुस्तिकेतलं वर्धाच पुसलं जाईल. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली आहेत का ते आधी बघा. उलटली असतील तर हे काम विकायच्या दुकानाचं नाही, इंटरनेट आर्काइव्हचं आहे. तिथे पीडीएफ आणि साधा मजकूर एकाच नोंदीत शेजारी शेजारी ठेवता येतात. नोंदीत पुस्तिकेचं नाव भरताना मात्र दोन्ही रूपांत भरा, नाहीतर आज शोधणाऱ्याला ती सापडायची नाही.