वाडीतील एक खोली

रेवसपासून रेवदंड्यापर्यंत पसरलेल्या अष्टागरात, आणि तेथून खाली मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत, मागे वाडी नाही असे जुने घर विरळाच. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी आणि पडवीची पायरी उतरताच नारळ-पोफळींची गर्द सावली, अशी ही घरे. घरात माणसे वाढली की कोणाला तरी वाटू लागते, वाडीत एखादी लहानशी निराळी खोली असावी. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलास निवांत बसता यावे, आजोबांना दुपारी घटकाभर पडता यावे, मुंबईहून पाहुणे आले तर त्यांची सोय व्हावी. इच्छा अगदी रास्त आहे. हल्ली तर लाकडाचे ओंडके एकावर एक रचून केलेल्या परदेशी झोपड्यांची चित्रे जिकडेतिकडे पाहावयास मिळतात आणि आपल्याही वाडीत अशीच एक उठवावी असे पुष्कळांच्या मनात येते. आपल्या किनाऱ्यावर अशी खोली बांधावयाची तर ती कशी असावी, याचा विचार येथे करावयाचा आहे. आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. या खोलीचा मुख्य शत्रू वारा आहे, आणि भिंत ढकलण्यापेक्षा छप्पर उचलण्यात तो अधिक तरबेज आहे.

ओंडक्यांची झोपडी मूळची उत्तर युरोपातील. स्वीडन, फिनलंड, नॉर्वे, रशिया या देशांत पाइन व स्प्रूस यांची सरळसोट झाडे विपुल. त्यांचे ओंडके आडवे रचावयाचे, कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकांत अडकवावयाचे, फटींत शेवाळ कोंबावयाचे, की झाली भिंत. १६३८ साली स्वीडनच्या लोकांनी अमेरिकेत डेलावेअर नदीच्या काठी वसाहत केली, तेव्हा ही रीत त्यांच्याबरोबर अटलांटिक महासागर ओलांडून गेली. जाड लाकूड खोलीतील ऊब बाहेर जाऊ देत नाही. वर्षातील कित्येक महिने बर्फात काढणाऱ्या माणसास याहून अधिक काय हवे? आपल्याकडे मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुमारे दोन हजार मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ऐंशी इंच पाऊस कोसळतो. आडव्या ओंडक्यांच्या प्रत्येक सांध्यात ते पाणी मुरते, दमट हवेत लाकूड चार महिने वाळत नाही, त्यावर बुरशी चढते, आणि बुरशीने सोडले तेवढे वाळवी फस्त करते. शिवाय अशा बंदिस्त खोलीत वैशाखातील दुपारी अभ्यासास बसणे म्हणजे शिक्षाच. तेव्हा ती झोपडी आपण चित्रातच पाहावी हे बरे.

आपल्या जिल्ह्यात याच कामाची एक जुनी रीत आहे. ठाकूर व कातकरी यांची कुडाची घरे पुष्कळांनी पाहिली असतील. सह्याद्रीच्या उतारांवर कारवी नावाचे झुडूप उगवते. ते सात-आठ वर्षांतून एकदा, सगळे एकदमच, फुलते आणि मग वाळून जाते. त्याच्या सरळ, हलक्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधून त्यांवर माती व शेण यांचा लेप दिला की कुड तयार होतो. ही भिंत हवेतील ओल शोषते आणि ऊन पडले की सोडून देते. तिच्यात कोंदटपणा राहत नाही. तिचा दोष एवढाच, की जमिनीलगतचा भाग पावसाच्या उडत्या पाण्याने दर वर्षी झडतो. यास्तव वाडीतील खोलीला खाली दोन फूट उंचीचे दगडी जोते आणि त्यावर तीन फूट उंचीची चिऱ्याची किंवा विटांची भिंत घालावी. त्याच्या वर कुड किंवा बांबूची जाळी असावी. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, श्रीवर्धन-म्हसळ्याच्या माळांवर, जांभा दगड मिळतो. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि उघड्या हवेत राहिला की कठीण होत जातो. अलिबागकडे काळा दगड जवळ पडतो. जो जवळ तो घ्यावा; दूरच्या दगडाची हौस गाडीभाड्यातच जिरते.

आता वाऱ्याकडे वळू. ३ जून २०२० रोजी भर दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांहून अधिक होता. काही तासांत श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, अलिबाग या तालुक्यांतील वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या आणि हजारो घरांची कौले व पत्रे उडाले. पोफळ फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दिवशी एकेका कुटुंबाचे काय गेले याची कल्पना येईल. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ हे दुसरे वादळ किनाऱ्यालगतच्या समुद्रातून उत्तरेकडे गेले आणि नव्याने घातलेल्या छपरांचीही परीक्षा झाली.

छप्पर उडते ते का? वारा छपरावरून वाहू लागला की तेथे त्याचा वेग वाढतो आणि हवेचा दाब कमी होतो. त्याच वेळी वाऱ्याकडील दार किंवा खिडकी उघडी असेल तर आत शिरलेली हवा छपरास खालून रेटा देते. वरून ओढ आणि खालून रेटा यांच्यामध्ये छप्पर सापडते. वेग दुप्पट झाला तर हा दाब दुप्पट न होता चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात तो दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो वजनाइतका असतो. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात तोच ६८ किलोपर्यंत जातो. आपली खोली बारा फूट लांब व दहा फूट रुंद आहे असे धरू. तिचे क्षेत्र सुमारे ११ चौरस मीटर. म्हणजे तिच्या छपरास वर ओढणारा जोर ७५० किलोच्या, पाऊण टनाच्या, घरात गेला. मंगळुरी कौलांचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ४० किलो, म्हणजे एवढ्या छपरावर ४४० किलो भरते. पत्र्याचे वजन तर दर चौरस मीटरला पाचेक किलोच, म्हणजे सगळे मिळून ५५ किलो. आपल्या वजनावर टिकून राहणारे छप्पर या हिशेबात कोठेच बसत नाही, हे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी स्वतः आकडे मांडून पाहावे. छपराच्या कडा व कोपरे यांवर ही ओढ मध्यभागाहूनही अधिक असते. म्हणून कौले उडू लागतात ती बहुधा वळचणीपासून आणि आढ्यापासून.

उपाय एकच, आणि तो महाग नाही. छपरापासून पायापर्यंत सगळे एकमेकांस बांधून टाकावयाचे. रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब पायाला, अशी ही साखळी. तिच्यातील एक कडी सैल राहिली तर उरलेल्या कड्यांचा उपयोग नाही. आपल्याकडे नेमके येथेच चुकते. सुतार वासे खिळ्यांनी चांगले जडतो, पण खांब तळखड्यावर नुसते उभे केलेले असतात, कारण घराचे ओझे खालीच जावयाचे असे आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो आहोत. खोलीस सहा खांब द्यावे. प्रत्येकाखाली दीड फूट लांब, तेवढाच रुंद व तेवढाच खोल असा सिमेंटात बांधलेला दगडी पाया घ्यावा आणि त्यात पक्की पट्टी गाडून तिला खांब बोल्टांनी कसावा. अशा एका पायाचे वजन दोनशे किलोंच्या वर जाते. सहांचे मिळून बाराशे. पाऊण टनाची ओढ आता त्यांना हलवू शकत नाही. वारा आडवाही ढकलतो, म्हणून खांब व तुळई यांच्या कोनांत तिरपे टेकू द्यावे. चौकट कितीही जाड असली तरी टेकूवाचून ती पत्त्यांच्या घरासारखी कलते.

छपराचा आकारही विचारपूर्वक ठरवावा. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी चांगले, कारण त्याला वाऱ्यासमोर उभी राहणारी त्रिकोणी भिंत नसते. उतार सुमारे तीस अंशांचा, म्हणजे दर फुटामागे सात इंचांचा असावा. याहून सपाट छपरावर ओढ वाढते. वळचण मात्र सर्वांत मोठा पेच आहे. ती लांब असेल तर भिंत कोरडी राहते, पण वाऱ्याला खालून हात घालावयास तीच सोयीची. माझ्या मते वळचण दीड फुटावर थांबवावी आणि पश्चिमेकडील झड अडविण्यासाठी निराळ्या खांबांवर, थोडे खाली, पडवीचे स्वतंत्र छप्पर घालावे. वादळात ते गेलेच तर एकटे जाईल. खोलीचे छप्पर घेऊन जाणार नाही. ज्या कौलांना आपण मंगळुरी म्हणतो ती किनाऱ्यावर एवढी रुळली, याचे बरेचसे श्रेय बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे काढलेल्या कारखान्यास आहे. तत्पूर्वीच्या नळीच्या कौलांपेक्षा ती एकमेकांत घट्ट अडकतात. तरीही कडेच्या दोन ओळी व आढ्यावरची कौले तारेने रिपांस बांधावी.

लाकडासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पडलेला माड वाडीत असतोच. इतर झाडांचा गाभा कठीण असतो, माडाचे उलट आहे. त्याच्या खोडाला वलये नाहीत; बाहेरचा भाग, विशेषतः बुंध्याकडचा, लोखंडासारखा घट्ट आणि मधला भाग भुसभुशीत. जुन्या, पन्नाससाठ वर्षांच्या माडाचा बाहेरचा भाग चिरून घेतला तर त्याचे खांब व वासे उत्तम होतात. मात्र त्याचा जमिनीशी संबंध येऊ देऊ नये, कारण ओल्या मातीत तो फार लवकर कुजतो. साग, ऐन, किंजळ, फणस, जांभूळ ही झाडे आपल्या स्वतःच्या जमिनीत असली तरी ती तोडण्यास १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. बांबूची चांगली बेटे असतील त्यांनी तीन-चार वर्षांचे कळक किंवा मेस वापरावे. बांबूतील पिठूळ अंश किड्यांना आवडतो. पावसाळ्यात नवे कोंब वाढत असताना बांबू तोडू नये आणि हिवाळ्यात तोडावा, या जुन्या लोकांच्या नियमाचे कारण हेच. तोडल्यावर महिनाभर वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला तर तो अंश पुष्कळसा निघून जातो. त्यानंतर १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार व २ किलो बोरिक ॲसिड विरघळवून त्यात बांबू आठवडाभर ठेवावे. हे औषध पावसाने धुपते, म्हणून असा बांबू छपराच्या आडोशालाच वापरावा. काजूच्या टरफलांचे तेल खांबाच्या बुडाला लावले तर वाळवी सहसा जवळ येत नाही. ते कातडीस पोळते, यासाठी लावण्याचे काम मुलांकडे देऊ नये.

खारी हवा लोखंडाची वैरीण. साधे खिळे दोन-तीन पावसाळ्यांत तांबड्या भुकटीचे होतात, आणि वर वर्णिलेली साखळी नेमकी तेथे तुटते. पट्ट्या व बोल्ट जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा गंज न चढणाऱ्या पोलादाचे असावे. शक्य तेथे खाचेत कुसू बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकावी. लोखंडावाचून इमारत उभी राहील काय, अशी शंका कोणास आली तर त्याने अलिबागची चुंबकीय वेधशाळा आठवावी. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू झाल्या की तेथील कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मोजमापे बिघडणार, हे ओळखून १९०४ साली ते काम अलिबागेस आणण्यात आले. मोजमापाच्या इमारतीत लोखंड कटाक्षाने टाळावे लागले, नाही तर यंत्रांनी पृथ्वीऐवजी खिळेच मोजले असते! आपल्यापुढे तेवढा कडक नियम नाही.

जागा निवडताना वर पाहावे. पन्नास फुटांवरून सुटलेला नारळ जमिनीवर येईपर्यंत ताशी साठ किलोमीटरच्या वेगाला पोहोचतो. खोली शक्यतो माडांच्या रांगेबाहेर, पण त्यांच्या आडोशास असावी. दार पूर्वेस ठेवावे आणि समोरासमोर दोन खिडक्या ठेवाव्या, म्हणजे वारा आत येईल आणि निघूनही जाईल. त्यांची झडपे मात्र आतून आडणा घालून घट्ट लावता आली पाहिजेत. समुद्राजवळच्या बांधकामांवर १९९१ पासून निर्बंध आहेत. ते २०११ व २०१९ साली नव्याने काढण्यात आले. भरतीच्या रेषेपासून आपली वाडी किती अंतरावर येते, हे ग्रामपंचायतीत व तहसील कचेरीत विचारल्यावाचून पायाची कुदळ मारू नये.

कामाचा क्रम ऋतूंनीच घालून दिला आहे. बांबू मार्गशीर्षात तोडावा, पौषात पाण्यात ठेवावा आणि माघात सावलीत वाळवावा. पाया व जोते फाल्गुनापर्यंत झाले की चैत्रात चौकट उभी राहते आणि वैशाखाच्या मध्यापर्यंत कौले चढतात. पुढे दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस एक माणूस पाना घेऊन खोलीभोवती फिरावा, प्रत्येक बोल्ट आवळावा, कौलांची प्रत्येक तार हाताने ओढून पाहावी. ‘निसर्ग’ आले ते मृग लागण्याच्या चार-पाच दिवस आधी. तेव्हा हे काम मृगावर टाकून चालावयाचे नाही.