मेंढपाळ जातीच्या कुत्र्याला नाव कोणते द्यावे?

घरी अल्सेशियनचे पिल्लू आले की पहिला वाद नावावरून होतो. मुलांना सिनेमातले नाव हवे असते, आजोबांना मोत्या, तर कॉलेजात जाणाऱ्या थोरल्याला काहीतरी इंग्रजी. मग आठ दिवस पिल्लाला चार जण चार नावांनी हाका मारतात आणि ते कोणाकडेच येत नाही. पुष्कळ कुटुंबे याविषयी आम्हांला विचारतात, म्हणून या वेळी या पानावर हाच विषय घेतला आहे. विषय वरवर हलका वाटला, तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने तो कामाचा आहे.

नाव हे हत्यार आहे

ज्याला आपण अल्सेशियन म्हणतो तो मुळात जर्मन मेंढपाळांचा कुत्रा. आपल्याकडे धनगरांच्या कळपाबरोबर असतो तो राखणदार. लांडग्याला दूर ठेवणे हे त्याचे मुख्य काम. जर्मन शेफर्ड किंवा इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर कोली यांचे काम निराळे. ते कळपाभोवती धावतात, मेंढ्या वळवतात, मागे राहिलेल्यांना पुढे हाकतात. पळणाऱ्या वस्तूमागे धावणे हे त्यांच्या रक्तातच आहे. आपल्या घरी मेंढ्या नसल्या तर ते वासराच्या टाचेला तोंड घालतात, शेजाऱ्याच्या शेळ्या पळवतात, मोटारसायकलीमागे धावतात.

समा हे एके काळी शहराबाहेरचे गाव होते. आज ते वडोदरा शहराचाच भाग झाले आहे. सावलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सतत वाहने असतात. अशा ठिकाणी दोनशे पावलांवरून मारलेली एक हाक कुत्र्याचा, शेळीचा किंवा सायकलवरच्या मुलाचा जीव वाचवू शकते. म्हणून नाव निवडताना ते कागदावर कसे दिसते हे पाहू नये. लांबून कसे ऐकू येते ते पाहावे.

आखूड आणि खणखणीत

ही गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक होती. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक लेखकाने शिकारीवर पुस्तक लिहिले. कुत्र्याला हाक मारायला सोपे, आखूड नाव द्यावे असे सांगून त्याने चाळीसहून अधिक नावांची यादीच दिली. ब्रिटनचे मेंढपाळ आजही मॉस, मेग, नेल, रॉय अशी एका दमात संपणारी नावे देतात. ज्याला बॉर्डर कोलींचा मूळपुरुष मानतात, त्या 1893 साली जन्मलेल्या कुत्र्याचे नाव नुसते हेम्प होते. 'ओल्ड हेम्प' हे त्याला पुढे पडलेले नाव.

आपली मोत्या, वाघ्या, शेरू, राजा ही नावे या कसोटीला उतरतात. दोन अक्षरे, आणि शेवटी लांबवता येईल असा स्वर. 'शेरूऽऽ' अशी हाक शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत जाते. 'प्रिन्स' हे नाव दिसायला छान, पण 'स' वाऱ्यावर विरून जातो.

हुकुमाशी गल्लत नको

बुडापेस्ट येथील शास्त्रज्ञांनी 2020 साली कुत्र्यांच्या मेंदूतील लहरी मोजून एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओळखीचा शब्द आणि अगदी वेगळा निरर्थक शब्द यांतला फरक कुत्र्यांना कळत होता. पण ओळखीच्या शब्दातला एकच ध्वनी बदलला, तर तो फरक त्यांच्या मेंदूत उमटत नव्हता. याचा अर्थ, जवळजवळ सारखे ऐकू येणारे दोन शब्द कुत्र्याला एकच वाटू शकतात.

आपल्या भागात ही अडचण दुप्पट आहे. घरात मराठी, शेतावर गुजराती, आणि दवाखान्यात हिंदी! आपण 'बस' म्हणतो, गडी 'बेस' म्हणतो. अशा घरात कुत्रीचे नाव 'बेसी' ठेवले तर तिने हाकेला यावे की खाली बसावे? 'हार्डी' नावाच्या कुत्र्याला आपले 'हाड' आणि गुजरातीतले 'हड' दोन्ही ऐकावे लागतात. बोलावतात की हाकलतात हे त्याला कसे कळणार? 'छोटू' ऐकताना 'छू' म्हटल्याचा भास होतो. तेव्हा नाव ठरवण्याआधी घरातले आणि गड्यांचे नेहमीचे हुकूम एकदा मोठ्याने म्हणून पाहावेत. दोन कुत्री असतील तर मोती आणि ज्योती अशी जोडी टाळावी.

माणसाचा मान राखावा

काही जण गमतीने किंवा रागाने शेजाऱ्याचे, त्याच्या जातीचे, अथवा दुसऱ्या समाजाला पूज्य असलेल्या पुरुषाचे नाव कुत्र्याला देतात. ही गंमत नव्हे. ते नाव दिवसातून वीस वेळा कुंपणापलीकडे ऐकू जाते, आणि बांधावरची भांडणे अशाच गोष्टींतून पेटतात. बाप्तिस्म्यात मुलांना देतो ती संतांची नावेही टाळावीत हे बरे. हा काही धर्मशास्त्राचा नियम नव्हे, साधी रीत आहे. शिवाय थॉमस म्हटले की 'थांब' ऐकू येते, ते वेगळेच!

मग नाव आणावे कुठून? रंगावरून घ्यावे. संत जॉन बॉस्को यांना 1850 च्या दशकात तुरीन शहरात रात्री-अपरात्री सोबत करणारा मोठा कुत्रा भेटत असे. त्याला ते 'ग्रीजो' म्हणत. इटालियनमध्ये त्याचा अर्थ एवढाच की करडा. आपले काळ्या, तांब्या, कबऱ्या त्याच जातीचे. गड्यांनाही अशी नावे लगेच जिभेवर बसतात.

नाव शिकवावे कसे?

पहिला आठवडा दिवसातून पाच-सहा वेळा, थोडा थोडा वेळ द्यावा. नाव एकदाच घ्यावे. पिल्लाने वळून पाहिले की लगेच भाकरीचा तुकडा द्यावा. पुढे आधी नाव आणि मग हुकूम, हा क्रम मोडू नये. मारायचे म्हणून नाव घेऊन कधीच बोलावू नये. ज्या नावामागून काठी येते त्या नावाला कुत्रा येत नाही, आणि मग रस्त्यावर गरज पडेल तेव्हा हाक फुकट जाते.

मोठा कुत्रा दुसऱ्याकडून घेतला आणि त्याचे नाव गैरसोयीचे असले, तर ते बदलायला हरकत नाही. जर्मन शेफर्ड जातीच्या नोंदवहीतला पहिला कुत्रा 1899 साली विकत घेतला गेला तेव्हा त्याचे नाव हेक्टर होते. नव्या मालकाने ते होरांड केले. तुकडा हातात असला आणि धीर धरला, तर नवे नाव थोड्याच दिवसांत रुळते.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी, आणि पुढची टोचणी डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नये. कार्डावर तेच नाव लिहावे, म्हणजे घरी दोन कुत्री असली तरी कोणाची टोचणी कधी झाली याचा घोटाळा होत नाही. कोणालाही कुत्रा चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

आज रात्री जेवणानंतर घरातल्या सर्वांनी बसून एकच नाव ठरवावे आणि सकाळी ते गड्यांनाही सांगावे.