बुधवार फार लवकर होईल

सोमवारची रात्र. कॅप्युलेटांच्या घरात भाचा टिबॉल्ट त्याच दुपारी मारला गेला आहे. यजमान मुलीला मागणी घालणाऱ्या तरुण पॅरिसशी बोलत बसले आहेत आणि मध्येच विचारतात, आज वार कोणता? सोमवार, असं उत्तर येतं. मग ते मोठ्यानेच हिशेब करतात: बुधवार फार लवकर होईल, तेव्हा लग्न गुरुवारी करू. मुलीला अजून कुणी विचारलेलं नाही. त्याच दुपारी तिचं रोमिओशी गुपचूप लग्न लागलं आहे, हे या घरात फक्त दाईला माहीत आहे.

'रोमिओ अँड ज्युलिएट' आपण प्रेमाचं नाटक म्हणून वाचतो. यावेळी मी शेजारी कागद घेऊन नुसते वार आणि तास लिहीत गेले, आणि हरखून गेले. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पहिली मारामारी. त्याच रात्री मेजवानीत भेट. सोमवारी दुपारी लग्न. लग्नाला तासभर होतो न होतो तोच रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि टिबॉल्ट यांचे मृत्यू आणि रोमिओला हद्दपारी. मंगळवारी पहाटे त्याने व्हेरोना गाव सोडलेलं असतं. ज्या आर्थर ब्रुकच्या 1562 सालच्या काव्यावरून शेक्सपिअरने हे कथानक उचललं, त्यात या घटना कित्येक महिने चालतात. शेक्सपिअरने त्या चार-पाच दिवसांत कोंबल्या. ब्रुकची नायिका सोळाच्या आसपासची आहे. शेक्सपिअरची चौदाचीही नाही, वाढदिवसाला दोनेक आठवडे बाकी आहेत. कुणालाही एक रात्र झोपून शांतपणे विचार करता येऊ नये, अशीच ही रचना आहे.

अविचार म्हटला की आपल्याला राग आठवतो. तो इथे आहेच. मर्क्युशिओ मारला गेल्यावर रोमिओ तलवार उपसतो तो रागानेच. पण मला थक्क केलं ते दुसऱ्याच एका क्षणाने. त्यात कुणीही रागावलेलं नाही.

मंगळवारी ज्युलिएट फ्रायर लॉरेन्स या संन्याशाकडे मदत मागायला जाते. तो औषध देतो. ते घेतलं की बेचाळीस तास ती मेल्यासारखी पडेल, घरचे तिला कुटुंबाच्या तळघरातल्या कबरीत ठेवतील, आणि ती जागी होईल तेव्हा रोमिओ तिथे असेल. औषध घ्यायचं बुधवारी रात्री. तोवर हद्दपार रोमिओला मांटुआत पत्र पोचायला वेळ आहे.

ज्युलिएट घरी येते आणि बेत लपवण्यासाठी वडिलांची क्षमा मागते. आदल्या भांडणात घराबाहेर काढण्याची धमकी देणारा बाप या शब्दांनी विरघळतो. इतका, की तो लग्न एक दिवस अलीकडे ओढतो, उद्यावरच. आई सांगून पाहते की संध्याकाळ होत आली, सामान पुरणार नाही, गुरुवारच बरा. तो ऐकत नाही. म्हणतो, मी रात्रभर जागतो, आजच्यापुरती घरातली बाई मीच होतो. बुधवार फार लवकर होईल असं म्हणणारा माणूस हाच!

आता औषध मंगळवारी रात्रीच घ्यावं लागतं. खाली स्वयंपाकघरात खजूर मागवले जाताहेत, वाळकी लाकडं आणली जाताहेत, पहाटेचे तीन वाजलेत, आणि वर मुलगी निपचित पडली आहे. लग्नासाठी रांधलेलं अन्न अंत्यविधीच्या कामी येतं.

पत्र घेऊन निघालेला संन्यासी जॉन व्हेरोनातच अडकतो. सोबतीला ज्याला न्यायचं, तो आजाऱ्यांची शुश्रूषा करत असतो. साथीच्या संशयाने शहराचे तपासनीस त्या घराची दारं मोहोरबंद करतात. 1592 ते 1594 या काळात लंडनची नाटकघरं प्लेगमुळे बराच काळ बंद होती. त्या प्रेक्षकांना या दाराचा अर्थ सांगावा लागला नसेल. पत्र पोचलं नाही हे कळताच लॉरेन्स दुसरं लिहायचं ठरवतो. पण ज्युलिएट जागी व्हायला आता तीनच तास उरलेत. तो गमावलेला दिवस हाताशी असता, तर हे दुसरं पत्र कदाचित पोचलं असतं.

तिकडे रोमिओला मृत्यूची बातमी देणारा नोकर मात्र घोडा पिटाळत वेळेत पोचला आहे. रोमिओ त्याला विचारतो, फ्रायरकडून माझ्यासाठी पत्र नाही का? नाही. असू दे, म्हणतो आणि विष विकत घ्यायला निघतो. योग्य प्रश्न त्याच्या तोंडी आला होता, पत्राची वाट पाहायला मात्र तो थांबला नाही. कबरीत तो विष पितो, आणि थोड्याच वेळात ती डोळे उघडते.

लॉरेन्स तिथे पोचतो, पण पहाऱ्याची चाहूल लागताच तिला एकटी सोडून पळतो. सावकाश चाला असं रोमिओला बजावणारा हाच होता, आणि रोमिओ आणि ज्युलिएटच्या घराण्यांचं वैर मिटेल या आशेने घाईघाईत लग्न लावणाराही हाच. मला तो दुष्ट वाटत नाही. बापही नाही. या नाटकात भलं व्हावं म्हणून केलेली घाई तलवारीइतकीच जीवघेणी ठरते.

हे नाटक पुन्हा हातात घेतलंत, तर बाल्कनीपाशीच रेंगाळू नका. चौथ्या अंकातला दुसरा प्रवेश जेमतेम पन्नास ओळींचा आहे. त्यात बापाच्या आनंदावर डोळा ठेवून वाचा.