कुत्र्याचें पांचवें नख

शहरांतून जातिवंत कुत्रीं पाळण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. पिलूं घरीं आलें कीं त्याच्या बरोबर विकणाऱ्याचे उपदेशहि येतात. त्यांपैकीं एक असा कीं, पुढच्या पायाच्या आंतल्या अंगास, जमिनीपासून थोडें वर, जें नख असतें तें निरुपयोगी असून पुढें त्रास देतें. सबब तें बालपणींच कापून टाकावें. इंग्रजींत या नखास 'ड्यू क्लॉ' म्हणतात. ज्या प्राण्यास 'नको' म्हणतां येत नाहीं त्याचा अवयव कापावयाचा, तर त्याचा निर्णय विकणाऱ्याच्या शब्दावर न सोडतां घरांतील जाणत्या माणसांनींच विचारपूर्वक करावयास नको काय?

प्रथम हें नख म्हणजे काय तें पाहूं. कुत्र्याच्या पुढच्या पायास पांच बोटें असतात. चार जमिनीस टेकतात. पांचवें वर राहतें. तें आपल्या अंगठ्याच्या जागचें बोट होय. त्यांत हाडें आहेत, सांधा आहे आणि स्नायूंस जोडलेल्या कंडराहि आहेत. मागच्या पायास सामान्यतः चारच बोटें. म्हणजे एकूण नखें अठरा. कांहीं कुत्र्यांस मागेंहि एकेक अधिक असतें, तेव्हां तो 'विसनखी' होतो. फ्रान्सांतील ब्रियार्ड व बोसरों या धनगरी कुत्र्यांत तर मागच्या प्रत्येक पायास अशीं दोन नखें असणें हें जातीचें लक्षणच मानतात.

'पंचनख' हा शब्द आपल्या शास्त्रग्रंथांत जुना आहे. पंचनख प्राण्यांपैकीं पांचच भक्ष्य, असें म्हटल्यानें बाकीचे अभक्ष्य हें न सांगतां कळतें, असा दृष्टांत पतंजलीनें महाभाष्यांत दिला आहे. पुढच्या पायापुरतें पाहिलें तर आपला कुत्राहि पंचनखच ठरतो. विकणाऱ्याच्या लेखीं मात्र तो चतुर्नख झाला म्हणजे बरें!

आतां उपयोगाचा प्रश्न. कुत्रा हाडूक चघळूं लागला कीं तें दोन पायांमध्यें धरून ठेवण्यास याच नखाचा आधार घेतो. चालतांना हें नख जमिनीस लागत नाहीं. पण भरधांव धांवतांना पायाचा सांधा इतका वांकतो कीं तेंहि भुईस टेकतें, आणि एकदम वळतांना रुतून पायास स्थैर्य देतें. अडथळ्यांच्या शर्यतींत धांवणाऱ्या कुत्र्यांविषयींची एक पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. जीं कुत्रीं या नखांस मुकलीं होतीं त्यांच्या बोटांस इजा होण्याचा संभव अधिक, असें तींत आढळलें.

विरुद्ध पक्षहि ऐकला पाहिजे. झाडाझुडपांतून शिकारीस जाणाऱ्या कुत्र्याचें हें नख अडकून फाटतें, व ती जखम फार दुखते, हें खरें. परंतु मुलाचें बोट दारांत चेंगरेल म्हणून आपण तें आधींच कापीत नाहीं. दार जपून लावतों. बहुतेक घरगुती कुत्र्यांच्या जन्मांत असा प्रसंग येत नाहीं, आणि आलाच तर पशुवैद्य आहेत.

शिवाय हें कापणें होतें कसें? पिलूं तीनपासून पांच दिवसांचें असतांना, पुष्कळदां भूल न देतां. इतक्या कोंवळ्या वयांत वेदना नसते हा जुना समज आतां टिकत नाहीं. इंग्लंडांतील १९६६ च्या कायद्यानें पिलाचे डोळे उघडण्यापूर्वीं हें काम पशुवैद्य नसलेल्या प्रौढ माणसासहि करण्याची मोकळीक ठेविली आहे. आपल्या देशांतील १९६० च्या प्राणि-क्रूरता-प्रतिबंधक कायद्यानें मात्र प्राण्यास छिन्नांग करणें अपराधांत गणलें आहे. पण कायद्याचा धाक दूर ठेवला, तरी केवळ पाय सुबक दिसावा म्हणून जिवंत बोट तोडणें हें पाळणाऱ्याच्या धर्मांत बसत नाहीं.

मागच्या पायाच्या नखाची गोष्ट किंचित् निराळी आहे. तें कित्येकदां हाडाशीं जोडलेलें नसून नुसत्या कातडीवर लोंबत असतें. तें वारंवार अडकून रक्त येऊं लागलें, तर पशुवैद्याच्या सल्ल्यानें व पूर्ण भूल देऊन काढण्यास हरकत नाहीं. कुत्र्यावर दुसरी कांहीं शस्त्रक्रिया व्हावयाची असल्यास त्याच वेळीं हेंहि उरकतें.

नख ठेवावयाचें तर त्याची निगा राखली पाहिजे. जमिनीवर घासत नसल्यामुळें तें झिजत नाहीं; वाढून वाटोळें होतें व शेवटीं मांसांत शिरतें. तीन-चार आठवड्यांनीं तें पाहून टोंकापुरतें कापावें. आंतील सजीव गाभ्यास धक्का लावूं नये. काळ्या नखांत तो दिसत नाहीं, म्हणून थोडें थोडें कापावें. रक्त आलेंच तर स्वच्छ कापडानें दाबून धरावें. पिलूं लहान असल्यापासून पाय हातांत घेण्याची संवय लावली म्हणजे हें काम घरांतील दहा-बारा वर्षांचें मूलहि वडिलांच्या देखरेखीखालीं शिकूं शकतें.

एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पिलूं आपल्या घरीं येतें तें दोन महिन्यांचें होऊन. नख कापलें जातें तें पहिल्या आठवड्यांत. यासाठीं ज्यांस पिलूं घ्यावयाचें असेल त्यांनीं तें जन्मण्यापूर्वींच विकणाऱ्यास स्पष्ट सांगावें कीं, आम्हांस तें पांचही बोटांसह हवें आहे.