बुद्धिबळाचा संच घेताय? आधी राजा कलवून बघा!

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. आपल्याही लेकरानं स्पर्धेत उतरावं असं बऱ्याच पालकांना वाटतं. पण घरी असतो खेळण्यांच्या दुकानातला छोटा, हलका संच. पोराला सवय त्याची, आणि स्पर्धेत समोर येतात मोठ्या, जड सोंगट्या. मग नजर गोंधळते. म्हणून संच घेताना काय बघायचं, ते समजून घेऊ.

वजन कशासाठी?
साधी प्लास्टिकची सोंगटी आतून पोकळ असते. पंख्याच्या वाऱ्यानं किंवा बाहीचा धक्का लागूनही ती पडते. स्पर्धेच्या संचात बुडात धातूचा तुकडा बसवलेला असतो आणि खालून मऊ कापड चिकटवलेलं असतं. भार खाली राहिल्यानं सोंगटी सहजी कलंडत नाही. नियमानुसार ज्याच्या हातून सोंगटी पडली, त्यानं ती स्वतःच्या वेळेत उभी करायची असते. शेवटच्या मिनिटात अशी पडापडी महागात पडते.

माप किती असावं?
जागतिक संघटना 'फिडे'च्या शिफारशीनुसार राजाची उंची साधारण ९.५ सेंटीमीटर, वजिराची ८.५ आणि प्याद्याची ५ असावी. बुडाची रुंदी उंचीच्या ४० ते ५० टक्के हवी. पटावरचं एक घर ५ ते ६ सेंटीमीटरचं असावं.

दुकानातच करा ही तपासणी
१. राजा बोटानं थोडा कलवून सोडा. चांगल्या वजनाचा असेल तर परत उभा राहील.
२. सोंगटी कानाजवळ हलवा. खुळखुळ आवाज आला तर आतलं वजन सुटलंय.
३. एका घरात चार प्यादी ठेवा. नीट मावली आणि फार जागा उरली नाही, तर पट आणि सोंगट्यांचा मेळ बरोबर आहे.
४. वजीर मोजा. दोन्ही रंगांचा एकेक जादा वजीर असेल तर उत्तम. प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं की तो लागतो. हत्ती उलटा ठेवून वजीर मानायची आपल्याकडची सवय स्पर्धेत चालत नाही. तिथं तो हत्तीच धरला जातो.
५. फार चकचकीत सोंगट्या टाळा. ट्यूबलाइटखाली डोळ्यांना त्रास होतो.

'डबल', 'ट्रिपल' वजन म्हणजे काय?
खोक्यावर असं छापलेलं असतं, पण त्याचं ठरलेलं असं माप नाही. एका कंपनीचं 'ट्रिपल' दुसरीच्या 'डबल'पेक्षा हलकं निघू शकतं. म्हणून दोन संचांतले राजे किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा आणि ग्रॅममध्ये तुलना करा. ऑनलाइन घेत असाल तर राजाची उंची आणि वजन लिहिलंय का, ते आधी बघा.

जितकं जड तितकं चांगलं, असंही नाही. जड सोंगटी फरशीवर पडली तर राजाचा वरचा क्रॉस किंवा घोड्याचा कान तुटू शकतो. शिवाय एसटीनं स्पर्धेला जाताना ओझं पोरालाच वाहायचं असतं.

शाळेसाठी घेताना एक महागडा लाकडी संच कपाटात ठेवण्यापेक्षा वजनदार प्लास्टिकचे चार-पाच संच आणि गुंडाळता येणारे पट घ्या. पटाच्या कडेला अक्षरं आणि आकडे छापलेले असले की चाली लिहायचा सरावही आपोआप होतो.