ताऱ्याआधी आरशाची परीक्षा

चिलीच्या अटाकामा वाळवंटात, २६३५ मीटर उंचीच्या पारानाल डोंगरावर ‘येपुन’ ही दुर्बीण उभी आहे. तिचा मुख्य आरसा ८.२ मीटर व्यासाचा. त्याच्यासमोरचा दुय्यम आरसा ११२ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम दोन मिलिमीटर जाड. या पातळ काचेच्या पाठीशी ११७० ॲक्च्युएटर आहेत. चुंबकीय बलाने ते काचेला रेटतात, ओढतात आणि सेकंदाला हजारएक वेळा तिचा आकार बदलतात.

हा खटाटोप हवेमुळे करावा लागतो. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश जवळजवळ सपाट तरंगाग्र, म्हणजे प्रकाशलहरीची आघाडी, घेऊन येतो, पण शेवटच्या काही किलोमीटरांत गरम-गार हवेचे थर त्याला चुरगळून टाकतात. आपण त्यालाच ताऱ्याचे लुकलुकणे म्हणतो. आरशाने हवेच्या नेमका उलटा आकार घेतला तर सुरकुत्या निघून जातील, ही कल्पना हॉरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये मांडली. तिलाच आज ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात.

पण कोणत्या ॲक्च्युएटरला किती रेटा द्यायचा, हे संगणकाला कसे कळणार? ते आधी शिकवावे लागते. या शिकवणीला म्हणतात कॅलिब्रेशन.

येपुनच्या तरंगाग्र मोजणाऱ्या सेन्सरमध्ये ४० बाय ४० चिमुकल्या भिंगांची जाळी असते. प्रत्येक भिंग प्रकाशाचा एक ठिपका उमटवते. ठिपका जागचा हलला, की तिथे तरंगाग्र किती कलले आहे ते समजते. कॅलिब्रेशनची सर्वांत सरळ रीत अशी: खऱ्या ताऱ्याच्या जागी प्रकाशतंतूचे उजळलेले टोक ठेवायचे. एक ॲक्च्युएटर किंचित पुढे ढकलायचा, सगळ्या ठिपक्यांची नोंद घ्यायची. मग तोच तेवढाच मागे ओढायचा, पुन्हा नोंद घ्यायची. दोन्हींची वजाबाकी केली, की यंत्रणेतले कायमचे दोष गळून जातात आणि त्या एका ॲक्च्युएटरचा परिणाम उरतो.

हा परिणाम एका जागी थांबत नाही. तबल्याच्या एका घरावर हातोडी पडली, की शेजारच्या घराचा सूरही हलतो, तसेच इथे होते. म्हणून प्रत्येकाची नोंद एका मोठ्या कोष्टकात मांडतात आणि गणिताने ते कोष्टक उलटवतात. मग ठिपके पाहून रेटा सांगता येतो. आरशाच्या काही हालचाली सेन्सरला जेमतेम दिसतात. त्या तशाच ठेवल्या, तर उलटवताना त्यांच्यातला गोंगाट भरमसाट फुगतो. त्या निवडून बाजूला काढणे हे खरे कसब.

ॲरिझोनातल्या ‘लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोप’चा ६७२ ॲक्च्युएटरांचा दुय्यम आरसा अंतर्वक्र आहे, त्यामुळे कृत्रिम तारा दुर्बिणीतच बसवता येतो. येपुनचा आरसा बहिर्वक्र, तिथे अशी जागाच नाही. म्हणून जर्मनीत गार्खिंगला ‘ॲसिस्ट’ नावाची खास चाचणीयंत्रणा उभारून तो तपासला गेला. डोंगरावर मात्र कोष्टक गणिती प्रतिरूपावरून तयार करतात. शिवाय दुर्बीण ताऱ्याच्या मागे फिरते, तसा आरसा आणि सेन्सर यांचा मेळ बदलत जातो. हा मेळ सरकला, तर एकाचा रेटा शेजाऱ्याला मिळतो आणि चित्र सुधारण्याऐवजी बिघडते. त्यामुळे निरीक्षण चालू असतानाच कोष्टक नव्याने बसवत राहावे लागते.

या विद्येत पुण्याचाही वाटा आहे. तिथली खगोलसंस्था ‘आयुका’ आणि अमेरिकेतली कॅलटेक यांच्या सहकार्यातून साकारलेल्या ‘रोबो-एओ’ या ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स यंत्रणेने पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवर एका रात्रीत दोनशेहून अधिक लक्ष्ये टिपून दाखवली, तीही यंत्राच्याच भरवशावर. इतक्या वेगात दर वेळी आरसा बिनचूक वागला, कारण त्याच्या सवयी संगणकाला आधीच ठाऊक होत्या.

येपुनवर निरीक्षणाच्या वेळी आकाशातच कृत्रिम तारे उभे करण्यासाठी चार लेझर आहेत. सुमारे ९० किलोमीटर उंचीवरचे सोडियमचे अणू ते उजळवतात. जुलै २०१८ मध्ये या दुर्बिणीने टिपलेले नेपच्यूनचे चित्र प्रसिद्ध झाले. अवकाशातल्या हबल दुर्बिणीच्या चित्राच्या तोडीस तोड असलेले हे चित्र वातावरणाच्या तळाशी उभ्या असलेल्या दुर्बिणीने घेतले होते.