अंदमानात घरगुती मुक्काम

वसईच्या एव्हरशाईन सिटीतून अंदमानला निघायचं, तर हॉटेलच्या पॅकेजऐवजी शहीद द्वीपावरच्या (जुनं नाव नील) होमस्टेचा विचार जरूर करा. शेतीवर जगणाऱ्या या बेटावर बहुतांश वस्ती बंगाली निर्वासित कुटुंबांची. त्यामुळे ताटात येतात डाळ, भात, ताजी मासळी आणि बेटावरचीच भाजी.

नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. मुंबईहून विमानाने श्रीविजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) गाठा, सेल्युलर जेल पाहा आणि तिथून बोटीने बेटावर जा. समुद्र खवळला तर फेरी रद्द होते. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र श्रीविजयपुरमलाच काढा.

डिसेंबरात वसईत सहाला मावळणारा सूर्य इथे पाचलाच बुडतो, तेव्हा दिवस पहाटेच सुरू करा. लक्ष्मणपूरची नैसर्गिक दगडी कमान ओहोटीला पाहावी, वेळ घरमालकांना विचारावी. अर्नाळ्याच्या कोळ्यांसारखंच त्यांनाही पाण्याचं गणित पाठ असतं. पुरेशी रोकड जवळ ठेवा आणि पाण्याची स्वतःची बाटली न्या. प्रवाळाचा तुकडा मात्र उचलू नका. प्रवाळ हे समुद्री जिवांचं घर आहे, आपण तिथले पाहुणे.